इंगळे मॅडम आणि गेव्याचं झाड

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या इंगळे मॅडमच्या पाठी झाड होतं. तेही आपल्या बुलढाणा जिल्ह्यात औषधालाही न सापडणारं, खाडीच्या चिखलात वाढणारं. गेवा त्याचं नाव. समुद्र आमच्यापासून इतका लांब की कॉलेजातल्या निम्म्या पोट्ट्यांनी तो फक्त मोबाईलवर पाहिलेला. पण बाईंना त्या झाडाची धास्ती अशी, की ते कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीशेजारीच उभं असावं.

त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी प्राणिशास्त्र. आमच्या दोघांत एकच कपाट होतं. वरच्या कप्प्यात त्यांची वाळवलेली पानंफुलं, खालच्या कप्प्यात माझे बरणीतले बेडूक. मी मूळचा जानेफळचा, तोंडाचा फटकळ. त्या बीबी गावच्या, बोलायला हळू. मी दिवसातून एकदा तरी त्यांची थट्टा करायचो आणि त्या दिवसातून एकदा तरी मला विचारायच्या, "सर, हात धुतले का?"

हे हात धुणं म्हणजे त्यांचं व्रतच. पोरांनी त्यांचं नावच पाडलं होतं, हातधुवा मॅडम. धोतरा हाताळला, हात धुवा. कण्हेर कापली, हात धुवा. साधा पालक दाखवायला आणला तरी शेवटी नळाकडं बोट. आणि त्याआधी त्यांचा दुसरा नियम: "नाव आधी, हात नंतर." कोणत्याही झाडाला हात लावायच्या आधी त्याचं नाव मोठ्यानं म्हणायचं. नाव येत नसेल तर हात मागे. सहलीला गेलं की चाळीस पोरं शिवारात उभी राहून बोंबलायची, "बाभूळ! टाकळा! गोखरू!" बांधावरचे लोक काम थांबवून बघत राहायचे. एकदा एक म्हातारबा मला म्हणाले, "मास्तर, हे पोट्टे झाडाइची हजेरी घेऊन राह्यले का?"

मी हसायचो. बाई हसायच्या नाहीत.

स्टाफरूमच्या भिंतीवर एका बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. वर एका कोपऱ्यात दुकानाचं नाव, दुसऱ्यात कापसाचं बोंड, खाली एका बाजूला मालकाचा फोटो, दुसऱ्या बाजूला फोन नंबर. बाई रोज सकाळी आल्या की पर्स टेबलावर ठेवायच्या, कॅलेंडरसमोर ठरलेल्या फरशीवर उभ्या राहायच्या, एक डोळा तळहातानं झाकायच्या आणि मधल्या तारखेकडं टक लावून बघायच्या. मग दुसरा डोळा झाकून तसंच. मग हलकासा उसासा, आणि हजेरीच्या मस्टरवर सही. मला वाटलं, काही योगासन असेल. एके दिवशी राहवेना. म्हटलं, "काय मॅडम, रोजच्या रोज दर्शन! दुकानाचा मालक एवढा आवडला का?"

त्यांनी हात खाली घेतला. म्हणाल्या, "सर, काल त्याचा कान दिसत नव्हता."

बाई खुर्चीवर बसल्या आणि बाजारातून भाजी आणल्याचं सांगावं तसं सांगू लागल्या. त्यांना काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त, उजव्यात कमी. हा रोग डोळ्याला कडेकडून खातो. आधी बाजूचं जातं, मधलं राहतं. मधलं स्वच्छ दिसतं म्हणून माणसाला कळतच नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब टाकून टाकून राखायचं, आणि नजर मधल्या तारखेवर ठेवून कॅलेंडरचे चारही कोपरे दिसतात का ते रोज बघायचं. "दुखत नाही हो सर," त्या म्हणाल्या. "दुखलं असतं तर बरं होतं. आबांना तरी वेळेवर समजलं असतं."

आबा म्हणजे त्यांचे वडील. मी पुढं एका लग्नासाठी बीबीला गेलो, तेव्हा बाईंना गाडीवर सोबत नेलं आणि आबांना भेटलो. ओसरीवर खाटेवर बसले होते. पांढरं धोतर, अंगात बंडी, मान जराशी वर. पायाचा आवाज ऐकूनच म्हणाले, "इमल आली. सोबत कोन हाय वं? पाय जड हाय मानसाचा."

"आमचे सर आहेत आबा."

"जय भीम सर. बसा. ते माह्या डाव्या बाजूले नका बसू, तिकडचं मले आधी गेलं. अजून तिकडं मानूस बसला का भेव वाटते."

चहा आला. मी काही विचारलं नव्हतं, पण आबांनीच सांगितलं. आधी बैलाचं शिंग लागायचं, मग दाराची चौकट लागायची. घरचे म्हणायचे, म्हातारा धांदरट झाला. आबांना आतून समजत होतं, पण कोणाला सांगितलं नाही. "सांगतलं तं खरं होईन, असं वाटे," ते म्हणाले. "मंग एक दिवस मी म्हटलं, अवं, दिवा लावा, अंधार पडून राह्यला. कोनी बोलेच ना. मी म्हटलं, काऊन बे, कोनी हाय का नाही घरात? तं इमलची माय रडाले लागली. तवा समजलं मले. दिवसच होता."

एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा फुरकन ओढला. मी बाईंकडं पाहिलं. त्या खाटेच्या माच्याकडं बघत होत्या. परत येताना वाऱ्यात ओरडून त्यांनी मला एवढंच सांगितलं, "म्हणून मी लपवत नाही सर! भेव वाटलं का सांगून टाकायचं! लपवलं का ते वाढतं!" मी मात्र त्या रस्त्यानं नजर समोर ठेवून बाजूचे आरसे दिसतात का ते सारखं बघत गाडी चालवली.

आता ते झाड. बाईंना शिकवण्यात खरा रस कशात असेल तर नावांत. शास्त्रीय नाव पाठ करायला पोरं कंटाळतात, पण बाई नावाची गोष्ट सांगायच्या आणि मागच्या बाकावरचा पोट्टासुद्धा मोबाईल खाली ठेवायचा. गेव्याचा तास तर मी दाराबाहेर उभं राहून ऐकलेला आहे. त्यांच्याकडं विद्यार्थीदशेतला एक नमुना होता: जाड कागदावर चिकटवलेली तपकिरी पडलेली फांदी. तो कागद त्या कडेला धरून लांबूनच दाखवायच्या. वाळून इतकी वर्षं झाली तरी भीती काही वाळली नव्हती.

फळ्यावर नाव लिहायच्या: एक्सिकेरिया अगॅलोका. "पहिल्या शब्दाचा अर्थ, आंधळं करणारी. लॅटिन आहे. याचा चीक दुधासारखा पांढरा. सांगतात की जहाजावरच्या खलाशांना लाकूड तोडायला किनाऱ्यावर पाठवलं. त्यांनी कुऱ्हाड घातली, चीक डोळ्यात उडाला, आणि ते वेड्यासारखे किनाऱ्यावर धावत सुटले. दिसेना कोणालाच."

मागच्या बाकावरचे पुढं सरकायचे.

"आणि दुसरा शब्द अगरूवरून आला. अगरू म्हणजे सुगंधी लाकूड, आपल्या अगरबत्तीतलं. त्या अगरूचा आणि या झाडाचा काही संबंध नाही. कोणाची तरी समजूत झाली की ते सुगंधी लाकूड याच झाडाचं. समजूत चुकली, पण नाव बसलं. आता ते निघत नाही."

मग त्या जरा थांबून तिसरी गोष्ट सांगायच्या. पूर्वेकडच्या एका बेटावर व्यापारी कंपनीच्या नोकरीत एक माणूस होता. त्यानं बेटावरची झाडं एकेक करून लिहून काढली. आंधळं करणारं झाड म्हणून हेही लिहिलं. आणि पुढं त्याचीच नजर गेली.

"मॅडम, या झाडानंच केलं का त्याले आंधळं?" जानेफळची प्रीती म्हणून एक मुलगी होती, तिनं विचारलं.

"नाही गं. त्याला काचबिंदू होता म्हणतात." बाईंनी खडू खाली ठेवला. "मग तो सांगायचा आणि दुसरे लिहायचे. पुस्तक पुरं केलं त्यानं."

त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला विचारलं, "सर, यंदाची सहल कोकणात नेऊ या का? मला गेव्याचं जिवंत झाड एकदा नीट बघायचंय. विद्यार्थी असताना पाहिलं तेव्हा भीतीनं लांबच उभी होते. आता दिसतंय तोवर पाहते."

नाही म्हणायची माझी काय छाती! शेगावहून रेल्वे धरली. बाईंच्या हातात कपड्यांची पिशवी छोटी आणि पाण्याची कॅन मोठी. मी म्हटलं, "काय बाप्पा मॅडम, समुद्र बघायले चाललो अन् पाणी घरून?" सगळा डबा हसला. बाई म्हणाल्या, "समुद्राच्या पाण्यानं डोळे धुता येत नाहीत सर."

कोकणातल्या त्या खाडीवर आम्ही ओहोटीला उतरलो. होडीवाल्यानं काठाला सोडलं. पोरं चपला हातात घेऊन चिखलात, एकमेकांना धरून, ओरडत. आमच्याकडची काळी माती पायाला चिकटते. हा चिखल पाय गिळायला बघतो. बाई एका हातानं साडी आणि दुसऱ्या हातानं माझी बाही धरून चालत होत्या. तरी नियम चालूच होता. "मारांडी!" पोरं ओरडायची. "तिवर!" आणि काठाच्या वरच्या अंगाला, जिथं चिखल जरा कोरडा होता, तिथं ते उभं होतं. साधंच झाड हो. मध्यम उंचीचं, पानं चकचकीत, मधूनच एखादं पान लालभडक झालेलं. मी तर वाघ बघायच्या तयारीनं गेलो होतो.

बाई थोड्या अंतरावर थांबल्या. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. मग दोन्ही उघडे ठेवून. चेहऱ्यावर भीती होती, पण आणखीही काही होतं. लेकरू परीक्षेत पास झाल्यावर आईचा चेहरा होतो तसं. म्हणाल्या, "किती सुंदर लाल होतात पानं. वाळलेल्यात हे कळत नव्हतं."

तेवढ्यात मागून प्रीती किंचाळली. मारांडीचं काटेरी पान तिच्या टाचेत रुतलं होतं आणि काटा आतच मोडला होता. ती एका पायावर उभी, रडवेली. आणि आमचा अंकुश, वर्गातला सगळ्यात मदतीला धावणारा पोट्टा, तोल सावरायला त्यानं गेव्याचीच एक डहाळी धरली होती, ती कटकन मोडून त्याच्या हातात आली. तिच्या टोकाला पांढऱ्या चिकाचे थेंब.

आता आमच्या वऱ्हाडात लहानपणापासून काय शिकवतात? पायात काटा मोडला का रुईचा चीक लावायचा. काटा आपोआप वर येतो. आजी लावते, माय लावते, शेतातला गडी लावतो. पांढरा चीक दिसला की आमचा हात काट्याकडंच जातो. अंकुशनं पान पाहिलं नाही, झाड पाहिलं नाही, फक्त दूध पाहिलं. त्यानं नियमही पाळला बरं का. मोठ्यानं ओरडला, "रुई! मॅडम, रुईच्या जातीचं हाय, चीक हाय याले!" आणि डहाळी घेऊन प्रीतीच्या पायाशी बसला.

बाईंना मी धावताना कधी पाहिलं नव्हतं. पायरी उतरतानासुद्धा त्या कठडा धरायच्या. त्या दिवशी माझी बाही सोडून त्या चिखलातून धावल्या. "अंकुश, टाक ते! टाक!" म्हणत त्यांनी त्याचं मनगट धरून हिसका दिला. डहाळी त्याच्या हातातून उडाली आणि ओली बाजू बाईंच्या तोंडावर आपटली.

त्या मटकन खाली बसल्या. उजव्या डोळ्यावर हात.

उजवा डोळा. चांगला.

नाव, त्याचा अर्थ, ते किनाऱ्यावर धावत सुटलेले खलाशी, सगळं सगळ्यांना पाठ होतं. कोणी हलेना. बाईच चिखलात बसून बोलल्या. आवाज थरथरत होता पण शब्द स्पष्ट होते. "अंकुश, स्वतःच्या डोळ्याला हात लावू नको. कोणीच लावू नका. सर, कॅन आणा. पाणी ओता. थांबू नका."

मी ओतत राहिलो. त्या बोटांनी पापणी उघडी धरून होत्या आणि दातावर दात दाबून कण्हत होत्या. आग होत होती. कॅन संपली तेव्हा पोरांनी आपापल्या बाटल्या पुढं केल्या. मी थांबलो की त्या म्हणायच्या, "अजून. आणि अंकुशचे हात धुतले का?"

होडीवाल्यानं त्यांना उचलून होडीत घातलं. अंकुश टोकाला बसून रडत होता, "मॅडम, मले वाटलं रुई हाय, मॅडम." बाई त्याला म्हणाल्या, "नाव घेतलंस ना? मग झालं. चुकीचं घेतलंस. मोठमोठ्यांनी घेतलंय." एवढं बोलून त्यांनी दोन्ही डोळे मिटले.

तिथल्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी डोळा पुन्हा धुतला, मलम घातलं, पट्टी बांधली. म्हणाले, बहुतेक सूज आहे, उतरेल. पण काचबिंदू आहे म्हणता, तर पट्टी काढल्यावरच बघू. ते "बहुतेक" माझ्या छातीवर बसलं. बाहेर बाकावर प्रीती, तिच्या टाचेतला काटा काढलेला, आणि पोरांची रांग. कोणी बिस्किटाला हात लावत नव्हतं.

आत बाई खाटेवर बसल्या होत्या. उजव्यावर पट्टी, आणि डाव्यातून त्यांना दिसायचं ते नळीतून दिसावं तेवढंच. मी शेजारी बसलो. त्यांनी चाचपत माझी बाही धरली. चाळिशीच्या पुढची, वर्गाला धाकात ठेवणारी बाई, आणि पकड लहान पोरीची.

"सर, बाहेर दिवस आहे ना?"

खिडकीतून ऊन थेट त्यांच्या मांडीवर पडलेलं होतं. "आहे मॅडम. आताशी दुपार झाली."

"मला भेव वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. त्यांना बीबीचं बोलताना मी कॉलेजात कधी ऐकलं नव्हतं. "लय भेव वाटून राह्यलं सर. मी सांगून टाकते. आबांनी सांगितलं नव्हतं." आणि मग त्या रडल्या, पट्टी ओली होऊ नये म्हणून मान मागं करून.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर बोटं धरली, त्यांनी बरोबर सांगितली. मग दाराकडं बघून म्हणाल्या, "अंकुश, शर्टाचं बटण तुटलंय तुझं." बाहेर पोरांनी असा गलका केला की नर्सबाई धावत आल्या. झाडानं आपलं नाव खरं केलं नाही. मीही त्या दिवशी डोळे पुसले, लपवण्यासारखं काय त्यात.

परत आल्यावर त्यांचा धाक आणखी वाढला, आणि पोरांचं ऐकणंही. अंकुश तर पुढं गावातल्या पोरांनाही झाडाचं नाव विचारल्याशिवाय हात लावू देईना. आबा गेले. बाई थेंब टाकत राहिल्या, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नवं कॅलेंडर आलं की त्याच खिळ्याला लागत राहिलं. अलीकडं त्या पुस्तक न घेताच वर्गावर जायच्या, फळ्यावरच्या आकृत्या मुलींकडून काढून घ्यायच्या. मला वाटायचं, इतक्या वर्षांचा सराव, कशाला लागेल पुस्तक! गेव्याच्या तासाला त्या फांदीचा कागद आता प्रीती धरायची. ती आमच्याकडंच शिकवायला लागली होती.

गेल्या हिवाळ्यात तपासणीची कमिटी येणार म्हणून कॉलेज रंगवायला काढलं. स्टाफरूमही. मी सकाळी लवकर आलो होतो. ओल्या रंगाचा वास, खुर्च्या सगळ्या एका बाजूला. बाई आल्या. पर्स ठेवली. ठरलेल्या फरशीवर उभ्या राहिल्या. डावा डोळा झाकला, समोर टक लावली. मग उजवा झाकला. मग तोच हलका उसासा.

"दिसले का चारही कोपरे?" मी सवयीनं विचारलं.

"दिसले सर. मालकाचा कानसुद्धा."

मी समोर पाहिलं. भिंत कोरी होती. रंगाऱ्यांनी कॅलेंडर कालच काढून ठेवलं होतं. नुसता खिळा होता.

मला बोलताच येईना. ती शांतता त्यांना समजली. आवाजावरून माणूस ओळखायला शिकलेलं माणूस गप्प बसण्यावरूनही ओळखतं. त्यांनी हात हळूच खाली घेतला.

"काढलं काय?"

"हो मॅडम. रंगासाठी."

"खिळा तरी आहे ना?"

"आहे."

त्यांनी मान हलवली. तशाच उभ्या राहिल्या. मग हात पुढं केला, हवेत थोडा चुकला, आणि माझी बाही सापडल्यावर घट्ट धरली.

"सर," त्या म्हणाल्या, "बाहेर दिवस आहे ना?"